तीन मुलं, तीन वयं: होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम एकच घ्यावा की प्रत्येकाला वेगळा?

तिघांची_आई

नमस्कार मंडळी,

या जूनपासून आमची तिन्ही मुलं घरीच शिकणार आहेत. निर्णय झालाय, दोन्हीकडच्या आजीआजोबांशी बोलून झालंय, त्यामुळे शाळा सोडावी की नाही यासाठी हा धागा नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

थोरली बारा पूर्ण, मधला आठ, धाकटी साडेचार. मोठे दोघं आत्तापर्यंत इंग्रजी माध्यमात, घरी बोलणं सगळं मराठी. कांदिवलीत वन बीएचके, मी अर्धवेळ घरून काम करते, नवरा साडेआठची लोकल पकडतो तो रात्रीच घरी येतो.

मार्चपासून अभ्यासक्रम बघतेय आणि डोकं भंजाळलंय. परदेशी तयार खोके बघितले, तिघांचे तीन म्हणजे खर्च अफाट, वर त्यात डॉलर-सेंट, इंच-फूट आणि चार ऋतू. आपल्याकडे पावसाळा आहे तो त्यात नाहीच. एनसीईआरटी घ्यावं तर दोघांचे मिळूनच दहाच्या वर विषय होतात आणि धाकटी त्यात मधेमधे लुडबुडणार ते वेगळंच. नवऱ्याचं म्हणणं सीबीएसई धरून चालूया, उद्या परत शाळेत घालायची वेळ आली तर बरं. मला मराठी सुटू द्यायचं नाहीये, म्हणून बालभारतीकडे ओढा आहे.

तर ज्यांच्या घरी वेगवेगळ्या वयाची मुलं आहेत त्यांनी प्लीज सांगा, प्रत्येकाला वेगळा अभ्यासक्रम घेतलात की सगळ्यांना मिळून एक? आणि निवडताना आधी काय बघितलंत?

रानजाई

धाकटीसाठी काहीही विकत घेऊ नका. सहापर्यंत गोष्टी, माती, कात्री, गाणी, भाजी निवडणं. एवढंच लिहायला आले होते :)

गणितवेडा

ताई, मी आधी 'इयत्ता' हा शब्द बाजूला ठेवायला सांगेन. आठ वर्षांचा म्हणजे तिसरी, बारा म्हणजे सातवी हे शाळेच्या सोयीचं गणित आहे, कारण तिथे एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. तुमच्याकडे तीन आहेत.

गणित मात्र प्रत्येकाचं वेगळंच ठेवा, त्यात तडजोड नको. हा विषय पायरी-पायरीने चढतो, खालची पायरी कच्ची राहिली की वरची हलते. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. मधल्यासाठी दुसरीचं पुस्तक उतरवून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे संच त्याला द्या, थोरलीला पाचवीपासून. जिथे मूल पहिल्यांदा अडखळतं किंवा 'असं का?' विचारल्यावर गप्प होतं तिथून सुरू करा, मग ते वयाच्या मागे असो की पुढे. बारा वर्षांची मुलं बहुतेक वेळा अपूर्णांकात अडकलेली सापडतात. बेरीज करून दाखवतात, पण दोनतृतीयांश मोठा की तीनपंचमांश हे चित्र काढून सांग म्हटलं की थांबतात.

मधल्यासाठी शंभर मण्यांची माळ घरीच करा, दहा लाल दहा पांढरे असे आलटून पालटून. भुलेश्वरला मणी किलोवर मिळतात. स्थानिक किंमत, दशक ओलांडून बेरीज, पाढे, सगळं त्या एका माळेवर होतं. धाकटी तीच माळ गळ्यात घालून मिरवेल, मिरवू दे, मोजायला आपोआप लागेल.

चिंचपोकळीकर

तुम्ही तो विषय नको म्हणालात तरी राहवत नाही म्हणून लिहितोय, राग नसावा. शाळेत मूल फक्त गणित-भाषा शिकत नाही. डबा वाटून खाणं, भांडण, न आवडणाऱ्या मुलाशेजारी वर्षभर बसणं हे घरी कुठून आणणार? आणि शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदाला लागू आहे ना, मग हे चालतं कसं?

तिघांची_आई

राग नाही हो. थोरलीला शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखायचं, डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. सुट्टी लागली की दुखणं गायब. वर्षभर बघितलं, शाळेशीही खूप बोललो. याहून जास्त इथे लिहीत नाही. खेळायला तिघंही रोज खाली सोसायटीत असतात आणि तिथे भांडणं भरपूर होतात, त्याची काळजी नको :) कायद्याचं कोणीतरी जाणकारांनी सांगा.

निवृत्त_मास्तर

चिंचपोकळीकर, कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न केल्यास पालकांना शिक्षा असं कलम त्यात नाही. घरच्या शिक्षणाला परवानगी देणारी किंवा नोंदणी करणारी वेगळी व्यवस्थाही नाही. त्यामुळे अनेक कुटुंबं हे उघडपणे करताहेत. त्याच कायद्यातलं ४ थं कलम धागाकर्तीच्या यजमानांना वाचायला द्या. सहाच्या वरचं जे मूल शाळेत नाही त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. म्हणजे चौदापर्यंत परतीची वाट उघडी आहे, आणि तेवढ्यासाठी आज सीबीएसईला बांधून घेण्याची गरज नाही. शाळा सोडल्याचे दाखले मात्र आत्ताच घेऊन ठेवा, पुढे धावपळ होते.

आता शिक्षक म्हणून एक. मी पालिकेच्या शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता शिकवल्या आहेत. तुमच्यासमोर आहे ते खेड्यापाड्यातल्या द्विशिक्षकी शाळांमध्ये रोज चालतं, त्यात अशक्य काही नाही. तिथली रीत अशी की एका गटाला समजावताना दुसऱ्याला हाताला काम द्यायचं, म्हणजे नक्कल, चित्र, उदाहरणं. त्यामुळे पुस्तक निवडताना बघा की मूल त्यातलं निदान वीस मिनिटं एकट्याने करू शकतं का. प्रत्येक ओळीला आई लागणारं पुस्तक कितीही सुंदर असलं तरी तीन मुलांच्या घरात चालणार नाही.

आणि लिहिणं सोडू नका. घरी शिकणारी मुलं बोलतात फार छान, पण तीन तासांचा पेपर सलग लिहायची वेळ आली की हात दुखतो.

पावसाळी_ढग

माझ्याकडे दोघं, पाच वर्षांचं अंतर. आमचं सूत्र एका ओळीत सांगते: कौशल्यं वेगळी, विषय एक. गणित आणि वाचन-लेखन ज्याचं त्याच्या पातळीवर, आणि विज्ञान, इतिहास, भूगोल, परिसर हे सगळं एकत्र, एकच विषय महिना-दीड महिना पुरवायचा.

तुम्ही जूनला सुरू करताय तर पाऊसच घ्या ना! प्लॅस्टिकची सरळ बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळं, बाजूला पट्टी चिकटवायची, गच्चीत ठेवायची. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, आपणही साडेआठलाच मोजायचा. धाकटी रोज ढगाचं चित्र काढेल, मधला मिलिमीटरचा स्तंभालेख भरेल. थोरलीला कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे पेपरातून उतरवायला सांगा आणि विचारा की एकाच शहरात दोन वेधशाळांमध्ये एवढा फरक का. मग तिला २६ जुलै २००५ चे आकडे दाखवा, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४. माझी लेक ते बघून नकाशा घेऊनच बसली होती. तिथून मिठी नदी, विहार-पवईचं ओसंडणारं पाणी, माहीमची खाडी, भरतीच्या वेळी पाणी समुद्रात का जात नाही, सगळं तिचं तिने शोधलं.

टक्केवारीसाठी तर मुंबईएवढं सोपं पुस्तक नाही. सात तलावांची पातळी पावसाळ्यात रोज छापून येते, भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मिडल वैतरणा, विहार, तुळशी. एकूण क्षमता १४.४७ लाख दशलक्ष लिटर. आज इतकं भरलं तर किती टक्के, सगळ्यात मोठा कोणता, विहार-तुळशी एवढेसे असून बांधले का. आधी हा आकडा नुसता लिहून बघायला सांगा, किती शून्यं येतात ते. तोच अर्धा दिवस जातो.

कोपरगल्ली

+१ पाऊस. आमच्याकडे दिवाळीनंतर किल्ले केले होते. चौथीचं 'शिवछत्रपती' पुस्तक मोठ्याने वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं, आणि रविवारी एकेक किल्ला. शिवडी, वरळी, माहीम, वांद्रे, सायन, धारावीचा काळा किल्ला. मुंबईत एवढे किल्ले आहेत हे मुंबईकरांनाच माहीत नसतं. शेवटी वसई. मोठ्याने १६६१ चा इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाचा तह, १६६८ ला वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेली मुंबई आणि १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम अशी कालरेषा भिंतीवर काढली. छोटा नुसता पायऱ्या मोजत होता.

समुद्रपक्षी

वरचं वाचून छान वाटलं, पण थोडं वेगळं मत मांडतेय. एकत्र विषयाचा हा प्रकार आठ-नऊच्या मुलापर्यंत उत्तम चालतो. बारा-तेराच्या मुलीचं काय होतं ते मी जवळून बघितलंय (माझ्या बहिणीकडे). एकत्र म्हणता म्हणता सगळं मधल्या भावंडाच्या पातळीवर येऊन बसतं आणि थोरलं मूल आईचा मदतनीस होतं. 'त्याला जरा समजाव', 'तिचं चित्र बघ', 'तू तोपर्यंत वाच'. मुलगी समजूतदार असली तर तक्रारही करत नाही. भाची दीड वर्षाने म्हणाली, मला माझं असं काहीच शिकायला मिळालं नाही.

ही मुलगी तर त्रास होऊन शाळेतून बाहेर पडलीये. तिला विज्ञान नीट पाहिजे, प्रयोगासकट, बीजगणित पाहिजे, आणि समवयस्क पाहिजेत. मी तिचा अभ्यासक्रम पूर्ण वेगळा ठेवेन.

पावसाळी_ढग

समुद्रपक्षी, मदतनीसाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मुलींच्या बाबतीत तर जास्तच होतं हे. पण पूर्ण वेगळं केलं तर घरात तीन शाळा उघडतात आणि आई दुपारपर्यंत संपते. मधला मार्ग असा की विषय एकच, पण थोरलीचं काम वेगळ्या जातीचं हवं. पावसात ती आकडे मांडते, कारणं शोधते, लिहिते. भावंडांना शिकवणं हे तिचं काम नाही, हे घरात सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकायचं.

समुद्रपक्षी

हे ठीक आहे. त्यात एवढंच घाला की रोजचा एक तास आई फक्त तिची. धाकटी झोपल्यावर. आणि तिने स्वतः निवडलेला एक तरी विषय, ज्यात भावंडांना प्रवेश नाही.

रानजाई

+१११ त्या तासाला.

अवांतर: शाळेतून त्रासून बाहेर आलेल्या मुलांना पहिले काही महिने पुस्तकच नको वाटतं. जूनला थोरलीने काहीच केलं नाही तर घाबरू नका, गणितही थांबवा हवं तर. पोटदुखी आधी जाऊ दे.

गणितवेडा

गणित थांबवा?? :( बरं, थांबवा. पण पत्ते आणि बुद्धिबळ चालू ठेवा.

आकडेमोड_बाबा

अजून परीक्षांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझा मुलगा यातून गेलाय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हे आज वाचून सोडून दिलं तरी चालेल, बारा वर्षांच्या मुलीच्या आईने मात्र लक्ष द्या, कारण अभ्यासक्रम शेवटाकडून मागे बघून ठरवावा लागतो.

एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, १९८९ पासून आहे. दहावीला किमान वय १४. पाच विषय, त्यात एक भाषा पाहिजेच, जास्तीत जास्त दोन. गणित सक्तीचं नाही, मुलीला चित्रकला किंवा गृहविज्ञान घ्यायचं तर घेऊ शकते. पुढे विज्ञान शाखा हवी असेल तर अर्थातच गणित-विज्ञान ठेवा. मराठी माध्यमही आहे. पाच वर्षांत नऊ संधी, विषय तुकड्यातुकड्याने दिले तरी चालतात, आणि माझ्या मते या मुलीसाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. एकदम पाच पेपरांचं ओझं नाही, दोन आता, तीन पुढच्या वेळी. त्यांची पुस्तकं वेबसाइटवर आहेत, आत्ताच उघडून बघा. लहान वयासाठीही त्यांचे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तर आहेत.

राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी-आठवीच्या पातळीचीही परीक्षा घेतं, मराठीत हवं तर चांगलं. शिवाय दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बहिस्थ बसता येतं, ते नेहमीचंच एसएससी. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे त्यांची दहावीच्या तोडीची परीक्षा, खाजगीरीत्या देता येते, पण केंद्र शोधावं लागतं आणि विषयागणिक फी भारी आहे. तीन मुलांचा गुणाकार करून बघा.

एनआयओएसच्या दहावीवर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात अर्ज करता येतो, बारावीवर नीट-जेईई देता येते. आणि बारावीशिवायचंही उदाहरण आहे. २०१६ मध्ये मुंबईच्याच एका घरी शिकलेल्या मुलीला प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडच्या पदकांवर थेट अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी नसल्यामुळे आयआयटीची दारं तिला बंद होती. ते अपवादाचं उदाहरण आहे, त्यावर बेत आखू नका, पण आजीआजोबांना सांगायला उपयोगी पडतं.

यजमानांना सांगा, बारा ते चौदा ही दोन वर्षं तिला मोकळी आहेत. पुस्तक एनसीईआरटीचं का बालभारतीचं यावर आत्ता वाद नको, एनआयओएस दोन्हीवरून गाठता येतं.

तिघांची_आई

बाबा, हा प्रतिसाद आज रात्री नवऱ्याला वाचून दाखवणार. विषय तुकड्याने देता येतात हे मला माहीतच नव्हतं, थोरलीला सांगितलं तर तिने 'खरंच?' असं दोनदा विचारलं.

गिरगावची_आजी

मुलांनो, मी बालवाडी चालवली आहे म्हणून चार ओळी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे उभं केलं त्यात शंख, शिंपले, बिया, पानं यांच्यावर मुलं मोजायला शिकली. सगळ्या वयाची एकत्र, अंगणात. धाकटीला अक्षर गिरवायला बसवू नकोस, रांगोळी काढू दे, पीठ मळू दे. बोटं तयार झाली की अक्षर येतं.

भाषेचं म्हणशील तर मराठीला वेगळा अभ्यासक्रम कशाला? रात्री तिघांना मिळून मोठ्याने वाच, थोरलीला कळेल असं वाच, धाकटीला अर्धं कळलं तरी चालतं, झोपेपर्यंत ऐकते ना. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, ते लाव. दोघं मोठी इंग्रजी शाळेतली आहेत तर आठवड्यातून एकदा आजीला पत्र लिहायला लाव, खरं पत्र, पोस्टात टाकायचं. चुका आजीने काढायच्या नाहीत, उत्तर लिहायचं.

आणि त्या गणितवाल्या मुलाला सांग, अपूर्णांकासाठी आमच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी होती. पाढे म्हणतच आम्ही बाजारहाट केला.

गणितवेडा

आजी, औटकीपर्यंत येतात का तुम्हाला? साडेतीनचा पाढा! इथे टाका ना, आम्ही उतरवून घेऊ.

गिरगावची_आजी

औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा, औट चोक चौदा. पुढचं तू कर.

नवी_मुंबईकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). विज्ञानासाठी कोणी काही सुचवेल का? आमचा नऊचा आणि सहाची आहे, मला स्वतःला विज्ञान येत नाही, कॉमर्सवाली आहे मी.

पावसाळी_ढग

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'स्मॉल सायन्स' मालिका बघा, तिसरी ते पाचवीसाठी, त्यांच्या साइटवर मोफत आहे. त्यात उत्तरं कमी, प्रश्न जास्त. घरातल्या मुंग्या बघा, अंगणातलं पान बघा, मोजा, लिहा. आईला विज्ञान यायची गरज नाही, मुलाबरोबर बघायची तयारी पाहिजे. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी आणि मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. सहाची आणि नऊचा एकाच टेबलावर बसतील.

कोपरगल्ली

शिवाय बाहेर पडा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड (बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा). पाऊस संपला की ओहोटीच्या वेळा बघून हाजी अलीच्या खडकांत, मरीन लाईफ ऑफ मुंबईवाले घेऊन जातात लोकांना. शाळेच्या वेळात गेलात तर सगळीकडे गर्दी कमी, हा होमस्कूलिंगचा सगळ्यात मोठा फायदा. ट्रेनमध्ये बसायलाही मिळतं :)

चिंचपोकळीकर

मूळ मुद्द्यावर माझं मत तेच आहे, पण औटकी आणि सात तलाव मी आमच्या शाळेत जाणाऱ्या मुलासाठी उचलतोय. एक विचारू? आई अर्धवेळ काम करते, मग रोज किती तास लागतात या सगळ्याला?

निवृत्त_मास्तर

शाळेचे सहा तास धरू नका. त्यात हजेरी, रांगा, वह्या तपासणं, गप्प बसवणं सगळं येतं. आठ वर्षांच्या मुलाला समोर बसून दीड तास एकाग्र अभ्यास खूप झाला, बाराच्या मुलीला तीन. बाकीचा वेळ वाचन, खेळ, हातकाम. सकाळी कामाला बसण्याआधी गणित उरकावं, एकत्र विषय दुपारी.

तिघांची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघं बसलो, नंतर थोरलीलाही बोलावलं.

असं ठरतंय. तयार खोका कुठलाच घेत नाही. गणित बालभारतीवरून, मधल्याचं संच देऊन बघितले तर दुसरीच्या वजाबाकीपासून सुरू करावं लागेल, थोरलीचं तिला वाटेल तेव्हा. जून ते सप्टेंबर पाऊस आणि पाणी, तिघांना मिळून. बाटली कापून झालीये, कापण्यावरून भांडणही झालं. दुपारी धाकटी झोपली की एक तास थोरलीचा, तिने शिवणकाम निवडलंय. समुद्रपक्षी, तुमचा मुद्दा तिच्यासमोर बोलले, ती काही म्हणाली नाही पण तास कुठला ते तिनेच लगेच ठरवलं. रात्री मोठ्याने मराठी वाचन. एनआयओएसचा विचार ती तेरा पूर्ण झाली की करू, नवरा तयार आहे, त्याने ४ थं कलम स्वतः वाचलं.

एकच अडलंय. मधला म्हणतो ताई पावसाचे आकडे पेपरातून घेणार तर मलाही तेच पाहिजे, स्तंभालेख बाळांचा असतो.

पावसाळी_ढग

देऊन टाका त्याला कुलाबा! थोरलीकडे सांताक्रूझ. संध्याकाळी दोघांनी आकडे समोरासमोर ठेवायचे. वजाबाकी आपोआप होईल, त्याला तीच पाहिजे ना आत्ता.

आकडेमोड_बाबा

कांदिवली म्हणजे जवळच आहात. माझ्या मुलाची सहावी ते आठवीची एनसीईआरटीची जुनी पुस्तकं आणि एक साधं सूक्ष्मदर्शक पडून आहे. विज्ञान बदललेलं नाही :) हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी बोरिवली स्टेशनला आणून देतो.

तिघांची_आई

व्यनि केलाय!